बेलापूर विधानसभा: 'नाईकांचा बालेकिल्ला' म्हणायचं, तर निकाल काय सांगतात? (१९९० ते २०२४)

खाडीकाठ
नोव्हेंबर २०२४ चा विधानसभेचा निकाल लागून दीड महिना झाला, पण आमच्या वाशीत अजून तोच विषय चालू आहे. ३७७. एवढ्या मतांनी गणेश नाईकांचा मुलगा संदीप बेलापुरात पडला. रिक्षात बसा, दाढी करायला जा, सोसायटीच्या मीटिंगला जा, कोणीतरी हा आकडा काढतोच. आणि त्यामागोमाग ठरलेलं वाक्य येतं: 'नाईकांच्या बालेकिल्ल्यात हे झालंच कसं?'

मला हे वाक्य खटकतं, म्हणून हा धागा. बेलापूर मतदारसंघाचे १९९० पासूनचे निकाल एकापुढे एक ठेवा आणि मग बालेकिल्ला म्हणायचं का ते सांगा.

१९९० ला गणेश नाईक शिवसेनेकडून पहिल्यांदा निवडून आले. तेव्हाचं बेलापूर म्हणजे आजचे ऐरोली आणि बेलापूर हे दोन्ही भाग एकाच मतदारसंघात. ठाणे-बेलापूर पट्टीतले कारखाने धडधडत होते, नाईकांची कामगार संघटना, श्रमिक सेना, गेटागेटावर होती आणि गावठाणांत घरातला माणूस म्हणून मान होता. १९९५ ला पुन्हा तेच. युतीचं सरकार आलं, नाईक मंत्री झाले. पुढे बाळासाहेबांशी बिनसलं आणि १९९९ ला ते नव्या राष्ट्रवादीतून उभे राहिले. समोर शिवसेनेचे सीताराम भोईर. मंत्रिपद भोगलेला, दोनदा आमदार झालेला नेता, आणि पडला. शहराबाहेर फारसं कोणाला माहीत नसलेल्या शिवसैनिकाकडून पडला. तेव्हा मी कॉलेजात होतो, पैजा लागल्या होत्या.

२००४ ला नाईक परत आले, पालकमंत्री झाले. २००९ ला पुनर्रचनेत मतदारसंघाचे दोन तुकडे पडले. ऐरोलीचा क्रमांक १५०, बेलापूरचा १५१. ऐरोलीत संदीप नाईक, बेलापुरात गणेश नाईक, दोघेही राष्ट्रवादीचे, दोघेही जिंकले. बेलापुरात समोर भाजपचे सुरेश हावरे होते.

आणि मग २०१४. मंदा म्हात्रे, भाजप. १,४९१ मतांनी. हे ज्याला आठवत नाही तो नवी मुंबईकर नाही.

२०१९ ला नाईक भाजपमध्ये आले, पण बेलापूर काही मिळालं नाही. २०२४ ला संदीप नाईक तुतारी घेऊन उभे राहिले आणि ३७७ ने गेले.

हिशेब करा. जुनं-नवं बेलापूर मिळून नाईक घरातला माणूस सात वेळा उभा राहिला. चार जिंकल्या, तीन हरल्या. एकट्या नव्या बेलापूरचं बघितलं तर तीनपैकी एक. शेजारच्या ऐरोलीत मात्र चारपैकी चार. बालेकिल्ला आहे, नाही कोण म्हणतं? पण तो २००९ लाच उत्तरेला सरकला. लोक पाटी जुनीच वाचतायत.

आकडेमोड
चांगला विषय. २०१४ चे आकडे टाकतो, कारण त्याशिवाय पुढचं काहीच कळणार नाही.

मंदा म्हात्रे (भाजप) ५५,३१६
गणेश नाईक (राष्ट्रवादी) ५३,८२५
विजय नाहटा (शिवसेना) ५०,९८३

पहिला आणि तिसरा यांच्यात साडेचार हजारही नाहीत. मतदानाला तीन आठवडे उरले असताना युती आणि आघाडी एकाच दिवशी तुटली होती, २५ सप्टेंबरला. सगळे स्वतंत्र लढले. त्यामुळे 'मंदाताईंनी नाईकांना पाडलं' हे अर्धंच खरं. शिवसेना-भाजप एकत्र असते तर ही लढत चुरशीची झालीच नसती, एकतर्फी झाली असती. १,४९१ चं कौतुक करताना तिसऱ्या रांगेतले ५०,९८३ कोणी बघत नाही.

आता २०१९. म्हात्रे ८७,८५८. राष्ट्रवादीचे अशोक गावडे ४४,२६१. मनसेचे गजानन काळे २७,६१८. लीड ४३,५९७.

२०२४. म्हात्रे ९१,८५२. संदीप नाईक ९१,४७५.

मला यात सगळ्यात मजेशीर वाटतं ते हे: म्हात्र्यांची मतं पाच वर्षांत कमी झाली नाहीत, जवळजवळ चार हजारांनी वाढली. लीड मात्र त्रेचाळीस हजारांवरून तीन आकड्यांवर. म्हणजे त्यांचा मतदार जागेवरच होता, समोरची मोळी बांधली गेली.

सेक्टर_सतरा
समोरची मोळी बांधली कोणी? संदीप नाईक महिनाभर आधीपर्यंत भाजपचेच नवी मुंबई जिल्हाध्यक्ष होते हो. २२ ऑक्टोबरला पवार साहेबांच्या पक्षात गेले, २० नोव्हेंबरला मतदान. वडील ऐरोलीत कमळावर, मुलगा बेलापुरात तुतारीवर. सकाळी एका घरातून दोन प्रचारफेऱ्या निघाल्या म्हणायचं! कार्यकर्त्याने कोणता गमछा घालायचा हा खरा प्रश्न होता. आमच्या इथे एकाने दोन्ही खिशात ठेवले होते, डोळ्यांनी पाहिलंय.

पामबीच_सायकलस्वार
हाहा. पण भाजपच्या बेलापूरमधल्या किती मतदारांनी मनातून संदीप नाईकांना मत दिलं, हा प्रश्न राहतोच. २०१५ ला निवडून आलेले जवळजवळ निम्मे नगरसेवक नाईकांचे. २०१९ ला त्यातले बहुतेक गणेश नाईकांबरोबर भाजपत गेले. २०२४ ला त्यातले बरेच संदीपबरोबर गेले, काही ऐरोलीत राहिले. वॉर्डावॉर्डातली यंत्रणा तीच, चिन्ह तेवढं बदलत गेलं.

दिवाळेकर
खाडीकाठ, तुमचं 'उत्तरेला सरकला' पटलं, पण कारण तुम्ही सांगितलं नाही. मी सांगतो.

नाईकांचं गाव बोनकोडे. पुनर्रचनेत कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली, रबाळे, दिघा हे सगळं ऐरोलीत गेलं. म्हणजे ज्या गावठाणांत त्यांचं नातंगोतं, ती ऐरोलीत. एमआयडीसीच्या बाजूच्या वस्त्या, जिथे श्रमिक सेनेची जुनी ओळख, त्याही मोठ्या प्रमाणात तिकडेच. बेलापुरात उरलं काय? वाशी, सानपाडा, नेरूळ, सीवूड्स, सीबीडी. टॉवर आणि सिडकोच्या सोसायट्या. गावं आहेत आमची, दिवाळे, करावे, दारावे, सारसोळे, शिरवणे, शहाबाज. पण प्रत्येक गाव चहूबाजूंनी सेक्टरांनी वेढलेलं.

आणि मंदाताई आमच्या बाजूच्या. आगरी-कोळी मतं एका गठ्ठ्याने नाईकांना जातात हा मुंबईतल्या पत्रकारांचा गैरसमज आहे. बेलापुरात दोन्ही उमेदवार भूमिपुत्र असले की गावं दोन्हीकडे वाटली जातात. २०१४ ला वाटली, २०२४ लाही वाटली. प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नावावर सगळे एक असतात, मतदानाला नाही.

सिडकोच्या भूसंपादनाविरुद्धच्या आंदोलनात १९८४ च्या जानेवारीत जासई आणि नवघरला गोळीबार झाला, पाच माणसं गेली, त्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. माझे काका त्या मोर्चात होते. त्या पिढीला नेता कोण ते विचारावं लागत नव्हतं. आता प्रश्न आहे गरजेपोटी बांधलेल्या घरांचा, आणि त्यावर वर्षानुवर्षं प्रत्येक निवडणुकीत प्रत्येक पक्षाने शब्द दिलाय. मग मत देताना माणूस बघतो की मयताला-लग्नाला कोण येतं. या हिशेबात ताई कमी नाहीत.

आकडेमोड
दिवाळेकर, हा भूगोलाचा मुद्दा मी कुठेच इतका स्पष्ट वाचला नव्हता. मग प्रश्न असा की २००९ ला स्वतःचं गाव ऐरोलीत असताना गणेश नाईकांनी बेलापूर का घेतलं?

खाडीकाठ
माझा अंदाज: अवघड जागा वडिलांनी घ्यायची, सोपी मुलाला द्यायची. विधानसभेला पहिल्यांदा उभा राहणारा मुलगा, त्याला घरचं मैदान. तेव्हा गणेश नाईक मंत्री होते, जिल्ह्यात वजन होतं, त्यांना बेलापूर पेलवलं. पाच वर्षांनी लाट उलटी आली तेव्हा ऐरोली राहिली, बेलापूर गेलं. २०१४ ला मोदी लाटेतही संदीप नाईक ऐरोलीत टिकले, शिवसेनेच्या विजय चौगुल्यांना हरवून. त्याच वर्षी मे महिन्यात गणेश नाईकांचा दुसरा मुलगा संजीव नाईक लोकसभेला शिवसेनेच्या राजन विचारेंकडून पावणेतीन लाखांहून जास्त मतांनी पडले होते. त्या पडझडीत ऐरोली राहिली यातच सगळं आलं.

आणि २०१९ ला बघा. भाजपने आधी ऐरोलीचं तिकीट संदीप यांना दिलं होतं. वडिलांना बेलापूर मिळेना म्हणून मुलाने जागा सोडली. वडील ऐरोलीतून उभे राहिले, १,१४,६४५ मतं, ७८ हजारांवर लीड. २०२४ ला १,४४,२६१ आणि लीड ९१,८८०. समोर पुन्हा चौगुले, या वेळी अपक्ष. याला बालेकिल्ला म्हणतात.

घाटावरचा_पाहुणा
मी मूळचा साताऱ्याचा, वडील माथाडी. आमच्याबद्दल कोणी बोलेना म्हणून लिहितोय. 😀

घाऊक मार्केट मुंबईतून इकडे आलं तसे आम्हीही आलो. कोपरखैरणे-घणसोलीत माथाडींची वस्ती मोठी, म्हणजे ऐरोली. पण नेरूळ, सानपाडा, जुईनगरलाही घाटावरची मंडळी कमी नाहीत. आमच्या लोकांचा ओढा पवार साहेबांकडे, हे उघड आहे. १९९९ नंतर नाईक राष्ट्रवादीत होते तोवर नाईक आणि घाटावरचे असा मेळ बसत होता. २०१९ ला नाईक भाजपत गेले आणि मेळ तुटला. ती मतं गावड्यांना गेली, थोडी काळेंना गेली, बरीचशी घरीच बसली. २०२४ ला संदीप तुतारीवर आले तेव्हा जुना मेळ परत बसला. आकडेमोड म्हणतायत ती 'मोळी' म्हणजे हीच.

आकडेमोड
+१. आणि 'घरीच बसली' हे फार महत्त्वाचं आहे. २०१९ ला बेलापुरात निम्म्याहून कमी लोकांनी मतदान केलं. मतदान सोमवारी होतं, दिवाळी आठवड्यावर, लोकांनी शनिवार-रविवारला जोडून गाव गाठलं. २०२४ ला आयोगाने मुद्दाम बुधवार ठेवला, जोडून सुट्टी मिळू नये म्हणून. मतदान चांगलंच वाढलं. वाढलेल्या मतांतला मोठा वाटा म्हात्रेंना गेला नाही, एवढं बेरजेवरूनच दिसतं.

स्नेहल_सीवूड्स
इतका वेळ सगळे नाईक का हरले यावरच बोलतायत. ती बाई का जिंकली यावर एक प्रतिसाद नाही!

एक गोष्ट तपासून बघा. १९९० पासून बेलापूरने सलग तीनदा कोणालाच निवडून दिलेलं नव्हतं. गणेश नाईक १९९० आणि १९९५, मग पडले. २००४ आणि २००९, मग पडले. दोन झाल्या की हा मतदारसंघ माणूस बदलतो. मंदा म्हात्रे पहिल्या, ज्यांनी तिसरी काढली. तीही स्वतःच्याच पक्षाचा जिल्हाध्यक्ष समोर उभा असताना, आणि महायुतीतले नाहटा बंडखोरी करून अपक्ष उभे असताना.

त्या राष्ट्रवादीतूनच आलेल्या, नाईकांच्याच छत्राखाली वाढलेल्या, हे मान्य. पण छत्राबाहेर पडून त्याच नेत्याला हरवणं आणि नंतर त्याच नेत्याने आपल्याच पक्षात येऊन बसणं, हे सगळं सहन करून दहा वर्षं तिकीट टिकवणं सोपं नाही. पुरुष आमदार असता तर एव्हाना त्याला 'चाणक्य' म्हटलं असतं. यांना 'ताई नशीबवान' म्हणतात.

डिसेंबरात मंत्रिपद कोणाला मिळालं? ऐरोलीला. वन खातं. तीनदा निवडून आलेली बाई बेलापुरातच.

सेक्टर_सतरा
स्नेहल ताई, मुद्दा मान्य, पण ३७७ मध्ये नशीब नाही असं कसं म्हणणार? राज्यात यापेक्षा कमी फरकाच्या दोनच जागा होत्या, मालेगाव मध्य १६२ आणि साकोली २०८. बेलापुरात नोटालाच ३७७ हून जास्त मतं आहेत. पाऊस पडला असता तरी निकाल फिरला असता.

स्नेहल_सीवूड्स
नोव्हेंबरात? 🙂 आणि १,४९१ ला नशीब, ४३,५९७ ला मोदी, ३७७ ला परत नशीब. त्यांच्या वाट्याला काही ठेवणार आहात की नाही?

पामबीच_सायकलस्वार
नाहटांवरून एक वाद घालायचाय. आमच्या ग्रुपवर सगळे म्हणतात, नाहटा उभे राहिले नसते तर ताई आरामात जिंकल्या असत्या. मला उलटं वाटतं. नाहटा आधी महापालिका आयुक्त होते. त्यांना मिळणारं मत पक्षाचं कमी, 'आयुक्त चांगले होते' या आठवणीचं जास्त. वाशी-नेरूळच्या सोसायट्यांमधली अशी मतं भाजपलाच मिळाली असती असं धरून चालता येत नाही. आमदार आणि नाईक दोघांनाही कंटाळलेला माणूस तो. नाहटा नसते तर काही काळेंना गेली असती, काही नोटाला, काही घरी.

आकडेमोड
इथे मी तुमच्याशी असहमत. २०१४ ला नाहटांना मिळालेली पन्नास हजार मतं धनुष्यबाणाची होती. त्या मतदाराचं पुढे काय झालं बघा. २०१९ ला युती म्हणून तो म्हात्रेंकडे गेला, म्हणूनच ५५ हजारांचे ८८ हजार झाले. २०२२ ला शिवसेना फुटली. उद्धव ठाकरेंचा मशालवाला आघाडीबरोबर, म्हणजे संदीपकडे. शिंदेंचा म्हात्रेंकडे जायला हवा होता, त्यातला काही नाहटांकडे गेला. त्यामुळे नाहटांनी जास्त नुकसान महायुतीचंच केलं.

पामबीच_सायकलस्वार
धनुष्यबाणाची की व्यक्तीची, यावर आपलं जमणार नाही. सोडून देऊ.

खारघरवासी
बाळबोध प्रश्न. मी खारघरला राहतो, पत्त्यात नवी मुंबई लिहितो. मग मला यातलं कोणीच का नव्हतं मतदानाच्या यंत्रावर?

दिवाळेकर
कारण तुम्ही रायगडात. खारघर, कामोठे, कळंबोली सगळं पनवेल विधानसभा, क्रमांक १८८. लोकसभेला तुम्ही मावळ, आम्ही ठाणे. तुमचे आमदार प्रशांत ठाकूर, २००९ ला काँग्रेसकडून आणि २०१४ पासून भाजपकडून. पक्ष बदलूनही न पडलेला माणूस. आमच्याकडे १९९९ ला पक्ष बदलला तर लोकांनी घरी बसवलं.

अण्णा_जुईनगर
फेरमोजणीबद्दल कोणी लिहिलं नाही. ३७७ म्हणजे एका सोसायटीची मतं. एवढ्या कमी फरकावर व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे प्रत्येक मतामागे यंत्रातून पडणाऱ्या, सगळ्या चिठ्ठ्या मोजायला नकोत का?

आकडेमोड
अण्णा, नियम असे आहेत. प्रत्येक विधानसभा मतदारसंघात पाच केंद्रं चिठ्ठी टाकून निवडतात आणि तिथल्या व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या यंत्राच्या आकड्याशी जुळवतात. सगळ्या मोजत नाहीत. बाद झालेली टपाली मतं जर विजयाच्या फरकापेक्षा जास्त असतील तर ती पुन्हा तपासावीच लागतात. शिवाय एप्रिल २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला पाच टक्के यंत्रांची तपासणी मागता येते, निकालानंतर सात दिवसांत लेखी अर्ज करून आणि खर्च भरून. गडबड सापडली तर पैसे परत. ही तपासणी यंत्राच्या मेमरीची असते, त्यात मतं पुन्हा मोजत नाहीत. लोक दोन्हीची गल्लत करतात.

अण्णा_जुईनगर
धन्यवाद. म्हणजे आमच्या काळासारखं मतपत्रिकांचे गठ्ठे सोडून रात्रभर मोजत बसणं नाही. तेव्हा निकाल लागेपर्यंत तीन वेळा चहा व्हायचा आणि दोन वेळा मारामारी.

संपादक
गरजेपोटीच्या घरांवर आणि मालमत्ता करावर आलेले प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. इथे निवडणुकांबद्दलच लिहा. उमेदवारांच्या घरच्या मंडळींबद्दल ऐकीव गोष्टी लिहू नका, दोन प्रतिसाद काढावे लागले.

घाटावरचा_पाहुणा
खरी मजा पालिकेला. २०२० पासून पुढची काही वर्षं प्रशासकच होता, नगरसेवक कोणी नव्हतेच. बेलापूर कोणाचं ते पालिकेच्या निवडणुकीतच कळतं.

आकडेमोड
विधानसभेवरून पालिकेचा अंदाज बांधू नका, हे याच शहराने दाखवलंय. ऑक्टोबर २०१४ ला भाजपने बेलापूर जिंकलं. सहा महिन्यांनी, एप्रिल २०१५ ला पालिकेत १११ पैकी भाजपला जागा किती? सहा. राष्ट्रवादी ५२, शिवसेना ३८, काँग्रेस १०, बाकी ५. आमदारकी गेलेल्या नाईकांनी महापौर बसवला. वॉर्डात माणूस आमदार बघून मत देत नाही, नळाला पाणी कोण सोडतो ते बघतो.

खाडीकाठ
हाच आकडा माझ्या विरोधात जातो हे मला दिसतंय. 🙂 ५२ मधल्या बऱ्याच जागा बेलापूरच्या हद्दीतल्याही होत्या. पण मला वाटतं इथे दोन वेगळी शहरं आहेत. पालिकेला गावठाणं आणि वसाहती हिरिरीने मतदान करतात, टॉवरवाला बाहेर पडत नाही. विधानसभेला, त्यातही लाट असली की टॉवरवाला उतरतो आणि नाईकांचं गणित विस्कटतं. बेलापुरात टॉवर दर वर्षी वाढतायत. ऐरोली-घणसोलीतही आता वाढायला लागलेत. गणेश नाईकांनंतर तिकडे कोण उभं राहतं, कोणत्या चिन्हावर, ते बघायचं.

दिवाळेकर
चिन्हाचं आत्तापासून काय सांगता? २०२९ पर्यंत पक्ष किती शिल्लक राहतात तेच आधी बघू.